शून्य म्हणजे अमर्याद

दिवाळी अंकासाठी लिहा असा निरोप संपादकांकडून आला की मी दरवर्षी काहीतरी कारण काढून निसटतो. मी काही लेखक नव्हे. इथे इंग्लंडात मिडलंड्समधल्या एका विद्यापीठात गेली चोवीस वर्षे संगणक सांभाळतो, म्हणजे नेमके सांगायचे तर इतरांच्या फाइली सांभाळतो. सव्वीस जानेवारीच्या जेवणात कोणी विचारले, ‘तुम्ही नक्की काय करता हो?’ तर मी ‘आयटी’ म्हणतो आणि विषय श्रीखंडाकडे वळवतो. यंदा मात्र संपादकबाई म्हणाल्या, ‘आपल्या मंडळाच्या डिस्कवर कोटा का आहे, हे नव्या सभासदांना कोणीतरी एकदा नीट सांगायला हवं. तुमच्याशिवाय कोण सांगणार?’ त्यांचे बरोबर आहे. तो कोटा मीच घातला. आणि तो घालायला चार वर्षे उशीर केला, तोही मीच.

माझे लहानपण सांगलीचे. ‘कोटा’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो रेशनच्या दुकानात. कार्डावर माणसे मोजून युनिटे लिहिलेली असत आणि त्यावर साखर किती, रॉकेल किती, हे ठरे. आई कार्ड देऊन मला पाठवी. माझ्या पुढच्या माणसाने दुकानदाराशी ओळख काढून चार किलो जास्त नेली की रांगेतल्या शेवटच्याला ‘संपली, पुढच्या आठवड्यात या’ हे ऐकावे लागे. हे सांगायचे कारण एवढेच, की डिस्कच्या कोट्याचे तत्त्व यापेक्षा फार वेगळे नाही. डिस्क एक, माणसे अनेक. कोणी किती घ्यायचे ते आधी ठरवले नाही, तर जो आधी येतो तो नेतो, आणि गरज ज्याला सर्वांत जास्त तोच बहुतेक वेळा शेवटी येतो.

आपल्या मंडळाचा सामायिक सर्व्हर २०१४ साली आला. त्याआधी अंकाच्या प्रती एकाच्या गॅरेजमध्ये, नाटकांच्या कॅसेट दुसऱ्याच्या माळ्यावर आणि मराठी शाळेचे कागद तिसऱ्याच्या गाडीच्या डिकीत, अशी आपली व्यवस्था होती. चार टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. दोन्हींवर तेच साठते, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी आहे. वरून दर आठवड्याला वेगळ्या जागी बॅकअप. साठ-पासष्ट कुटुंबांना खाती काढून दिली. कार्यकारिणीत खजिनदार म्हणाले होते, ‘प्रत्येकाला काही मर्यादा घालायची का?’ मी म्हणालो, ‘छे हो, आपलीच माणसं. आपल्या माणसांना कसल्या मर्यादा?’ हे वाक्य इतिवृत्तात आहे. मी ते नंतर काढून पाहिले.

गंमत अशी की विद्यापीठात मी नेमके याच्या उलट वागतो. तिथे शेकडो विद्यार्थी एकाच फाइल सिस्टिमवर काम करतात आणि कोट्याशिवाय मी एकालाही आत घेत नाही. ही युक्ती माझी नव्हे. युनिक्सवरची कोट्याची मूळ व्यवस्था मेलबर्न विद्यापीठातल्या रॉबर्ट एल्झ यांनी लिहिली आणि १९८३ साली बर्कलेच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीतून ती जगभर गेली. आज लिनक्सवर आम्ही जे वापरतो त्याची रचना अजून बहुतांशी तीच आहे. दोन मर्यादा आणि एक मुदत.

पहिली मर्यादा सॉफ्ट लिमिट. ती ओलांडली तर लगेच काही अडत नाही, फक्त घड्याळ सुरू होते. या मुदतीला ग्रेस पिरियड म्हणतात; लिनक्सवर ती मुळात सात दिवसांची असते. त्या मुदतीत पसारा आवरून पुन्हा मर्यादेच्या खाली आलात तर घड्याळ थांबते. नाही आलात तर सॉफ्ट लिमिटच तुमची भिंत होते आणि खाली येईपर्यंत नवीन काही लिहिता येत नाही. दुसरी हार्ड लिमिट. ती एका क्षणासाठीसुद्धा ओलांडता येत नाही. आणि दोन्ही मर्यादा दोन गोष्टींवर घालता येतात. एक, किती जागा. दुसरी, किती फाइली. कारण एक-एक केबीच्या वीस लाख फाइली जागा फार खात नाहीत, पण फाइलींची नोंदवही भरून टाकतात, आणि ती भरली की डिस्क रिकामी असूनही नवी फाइल उघडत नाही.

हे सगळे मला पाठ होते. तरी मंडळाच्या डिस्कवर मी काहीच घातले नाही.

आता २०१८ च्या गणपतीकडे येतो. त्या वर्षी अनंत चतुर्दशी रविवारीच आली होती, २३ सप्टेंबरला, त्यामुळे विसर्जन शनिवारवर ढकलायची वेळ आली नाही. त्याच उन्हाळ्यात आपल्या एका सभासदांच्या आई कराडजवळच्या गावाहून सहा महिन्यांसाठी लेकीकडे आल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. शाळा दुसरीपर्यंत. पण जात्यावरच्या ओव्या त्यांना इतक्या येत, की एकदा सुरू झाल्या की ऐकणाऱ्याने उठावे, त्यांनी थांबू नये. सासरच्या, माहेरच्या, पंढरीच्या, भावाच्या. त्यांच्या आईच्या आणि सासूच्याही त्यांच्या तोंडी होत्या. त्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या. आजी ऑक्टोबरमध्ये परत जाणार होत्या, म्हणून विसर्जनाच्या संध्याकाळी, घर शांत झाल्यावर, त्या रेकॉर्ड करायच्या ठरल्या.

रेकॉर्डिंग करणार होता आपल्या सचिवबाईंचा मुलगा, तेव्हा विद्यापीठात पहिल्या वर्षाला. चांगला माइक आणला होता त्याने. त्याच्या लॅपटॉपवर जागा कमी होती, म्हणून त्याने मला फोन केला. ‘काका, कुठे साठवू?’ मी म्हणालो, ‘थेट मंडळाच्या सर्व्हरवरच साठव रे. लॅपटॉपचा काय भरवसा? तिथे दोन डिस्क आहेत, बॅकअप आहे, हरवणार नाही.’ हिशेबही करून दिला. त्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार बाइट, तासाला साधारण एक जीबी. सर्व्हरवर सकाळी एकशेदहा जीबी शिल्लक दिसत होते. दोन तासांच्या आवाजाला ही जागा म्हणजे पातेलंभर आमटीला विहीर.

त्या दुपारी विसर्जनाची मिरवणूक झाली. ढोल-ताशा, लेझीम, पोरांचा नाच. घरोघरच्या फोनांनी ते सगळे टिपले. ‘फोर के’ दर्जाचा व्हिडिओ मिनिटाला १७० एमबी तरी घेतो, जुन्या पद्धतीने साठवला तर याच्या दुप्पट. संध्याकाळी मंडळी घरी गेली, फोन घरच्या वायफायला लागले, आणि ज्यांनी ज्यांनी ‘आपोआप मंडळाच्या फोल्डरमध्ये पाठवा’ ही सोय चालू केली होती (ती कशी करायची याचे पत्रक मीच काढले होते), त्या सर्वांचे फोन एकदम ओतू लागले.

आजींनी सुरुवातीला ओव्या म्हटल्या नाहीत. आधी लग्नाचे सांगितले, मग जाते कसे टाकायचे, पहाटे किती वाजता उठायचे, सासूच्या समोर बसून दळताना लाज कशी वाटे. एक्केचाळीस मिनिटे हेच. मग त्यांनी डोळे मिटले आणि पहिली ओवी सुरू केली. ती ओवी अर्ध्यावर तुटते, कारण त्या सेकंदाला डिस्क भरली.

पुढे दीड तास आजी गात होत्या. आवाजाची हिरवी पट्टी हलत होती, मुलगा समोर मांडी घालून ऐकत होता. पडद्याच्या तळाशी ‘जागा शिल्लक नाही’ अशी बारीक ओळ आली होती. ती त्याला आजींना निरोप देऊन लॅपटॉप आवरताना दिसली.

रात्री अकराला त्याचा फोन आला. ‘काका, फाइल एक्केचाळीस मिनिटांचीच आहे. बॅकअपमधून काढता येईल ना?’ मी त्याला काय सांगणार? बॅकअप जे लिहिले गेले त्याचा असतो. जे लिहिलेच गेले नाही ते कुठल्याच डिस्कवर नसते. माझे ऐकून त्याने लॅपटॉपवर दुसरी प्रत ठेवली नव्हती.

त्या रात्री मी फार चिडलो होतो, आणि माणूस चिडला की आधी दुसऱ्याकडे बोट करतो. ढोल-ताशावाल्या तीन घरांची नावे माझ्या मनात पक्की होती. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आल्यावर मी सर्व्हरवर कोटा चालू केला. त्यासाठी आधी कोटाचेक नावाची आज्ञा द्यावी लागते. ती प्रत्येक फाइल पाहून कोणाच्या नावावर किती आहे ते मोजते. मग रेपकोटा ही आज्ञा सगळ्यांची यादी छापते. मी यादी मोठ्यापासून लहानाकडे लावली. ती तीन घरे मिळून नव्वद जीबीच्या आसपास होती. यादीत सर्वांत वर, चारशेदहा जीबीसह, माझे नाव होते.

माझ्या जुन्या लॅपटॉपच्या प्रती. २०१५ चा, २०१६ चा, मध्ये एकदा काळजीपोटी घेतलेल्या आणखी दोन. ‘तात्पुरत्या’ ठेवलेल्या. त्यातली एकही मी पुन्हा उघडली नव्हती.

पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत ती यादी मी छापून नेली. नावे झाकावीत असे एकदा वाटले होते, पण मग माझेही झाकावे लागले असते. बायको म्हणाली, ‘न्यायची तर अख्खी न्या.’ बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग खजिनदार एवढेच म्हणाले, ‘२०१४ च्या इतिवृत्तात पान तीन पाहा.’

त्यानंतर आम्ही जे केले ते आज तुम्ही वापरता आहात, म्हणून नीट सांगतो.

चार टीबी म्हणून विकलेली डिस्क संगणकाच्या मोजणीत ३७२५ जीबीच भरते, कारण विकणारा हजाराने मोजतो आणि संगणक १०२४ ने. त्यातले पाच टक्के फाइल सिस्टिम व्यवस्थापकासाठी राखून ठेवते, थोडे स्वतःच्या नोंदींना घेते. म्हणून वाटायला आम्ही ३२०० जीबीच काढले. संग्रहाला १५००, नाटकाला ८००, मराठी शाळेला ३००, अंकाला २००, आणि सभासदांच्या फोटो-व्हिडिओंना ४००. या पाच वाट्यांना ग्रुप कोटा म्हणतात. शिवाय प्रत्येक सभासदाला स्वतःच्या नावावर १५ जीबीची सॉफ्ट आणि २० जीबीची हार्ड मर्यादा. तुम्ही म्हणाल, साठ घरे गुणिले वीस म्हणजे बाराशे, आणि वाटा तर चारशेचाच! खरे आहे. पंगतीचा स्वयंपाक करताना प्रत्येक पाहुणा आठ पुरणपोळ्या खाईल असे धरत नाहीत, तसेच हे. आणि समजा सगळ्यांनीच आठ खाल्ल्या, तरी सभासदांचा वाटा भरेल, संग्रहाचा नाही. आजींच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी हीच भिंत हवी होती.

मर्यादा घातल्यावर आधीचे काही पुसले जाईल, ही भीती पुष्कळांना होती. तसे होत नाही. ज्याचा पसारा मर्यादेपेक्षा जास्त आहे त्याला फक्त नवे लिहिता येत नाही, जुने जागच्या जागी राहते. माझे चारशेदहा मी त्याच रात्री काढले, हे सांगायला नको.

चुकाही झाल्या. पहिली चूक मालकीची. फाइलीला एक मालक असतो आणि एक ग्रुप. कोटा फोल्डर पाहत नाही, या दोन चिठ्ठ्या पाहतो. नाटकवाल्यांनी आपापल्या खात्यातून तालमींच्या फाइली नाटकाच्या फोल्डरमध्ये हलवल्या. हलवलेली फाइल आपली जुनी चिठ्ठी घेऊनच जाते. त्यामुळे फोल्डरमध्ये तीनशे जीबी आणि नाटकाच्या हिशेबात बारा, असा प्रकार झाला. उरलेले सभासदांच्या वाट्यात मोजले जात होते आणि तिथे बाकीच्यांची अडवणूक होत होती. त्यावर उपाय दोन. जुन्या फाइलींचा ग्रुप बदलून घेणे, आणि फोल्डरवर सेटजीआयडी नावाची खूण लावणे. ती लावली की त्या फोल्डरमध्ये नव्याने तयार होणारी प्रत्येक फाइल फोल्डरच्याच ग्रुपची होते. फाइलीचा मालक मात्र सभासदाला बदलता येत नाही, तो अधिकार व्यवस्थापकाचाच. नाहीतर आपला पसारा शेजाऱ्याच्या नावावर करून मोकळे होता आले असते.

दुसरी चूक मुदतीची. सात दिवसांचा ग्रेस पिरियड मी तसाच ठेवला होता. डिसेंबरात एक काकू सहा आठवडे पुण्याला गेल्या. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळे फोटो चढवले, सॉफ्ट लिमिट ओलांडली, आणि इशाऱ्याची पत्रे येत राहिली ती पुण्यात भाचीच्या लग्नाच्या गडबडीत कोणी उघडली नाहीत. परत आल्यावर एक ओळ साठवता येईना. ‘अहो, आम्ही काय घरच्या नाही का?’ असा फोन आला. त्यांचे चुकले नव्हते. आपण देशात जातो ते आठवड्यासाठी नाही. ही मुदत एकेका माणसाला वेगळी देण्यापेक्षा अख्ख्या डिस्कवर एकच ठेवणे सोयीचे, म्हणून सर्वांनाच साठ दिवस केली.

तिसरी चूक शून्याची. एक सभासद मंडळ सोडून गेले. त्यांचे खाते काही दिवस ठेवायचे, पण नवे काही चढवू द्यायचे नाही, असे ठरले. कोणीतरी म्हणाले, ‘त्यांचा कोटा शून्य करा.’ मीही घाईत शून्य टाकणार होतो. या व्यवस्थेत शून्य म्हणजे काहीच नाही असे नव्हे. शून्य म्हणजे मर्यादाच नाही. ज्याला बंद करायचे त्याला एक केबी द्यावी, शून्य कधी देऊ नये.

आता आजींचे राहिले. २०१९ च्या डिसेंबरात मी देशात गेलो तेव्हा कराडला उतरून त्यांच्या गावी गेलो. बरोबर छोटा रेकॉर्डर, त्यात दोन कार्डे, दोन्हींवर एकाच वेळी साठवणारा. आजी अंगणात बसल्या होत्या. लेकीने आधी सांगितले होते, की त्यांना आता फारसे आठवत नाही. मला त्यांनी ओळखले नाही, पण ‘लांबून आलायस, च्या घे’ म्हणाल्या. ओव्यांचे विचारले तर हसल्या. बऱ्याच वेळाने एक म्हटली. मग दुसरी. काही अर्धवट. एक तीच पुन्हा तीन वेळा. अकरा मोजल्या मी. मधे मधे मोठे थांबे आहेत, कोंबड्यांचे आवाज आहेत, एकदा सून ‘आई, ती भावाची म्हणा की’ असे सुचवते आणि आजी म्हणतात, ‘कुठली गं?’

ते थांबे मी कापले नाहीत. दोन वर्षांनी आजी गेल्याचे कळले.

तो मुलगा आता नोकरीला लागला आहे. कधी भेटला तर आम्ही दोघेही त्या संध्याकाळचा विषय काढत नाही. पण संग्रहासाठी मुलाखती घ्यायला मंडळात सर्वांत आधी तोच तयार असतो आणि लॅपटॉपवर, कार्डावर आणि सर्व्हरवर अशा तीन प्रती ठेवतो. त्याला ते कोणी शिकवावे लागले नाही.

घरी वाचणाऱ्यांसाठी एवढेच. तुमच्या घरात फोटोंची सामायिक डिस्क असेल, तर तिच्यावर कोणाचे किती आहे ते या दिवाळीत फराळ करता करता एकदा पाहा. यादी मोठ्यापासून लहानाकडे लावा. वरचे नाव तुमचेच निघाले तर मला फोन करा, मी हसणार नाही. आणि आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे काही रेकॉर्ड करायचे ठरले असेल, तर ते पुढच्या सुटीवर ढकलू नका.

सर्व्हरवर ‘आजी’ नावाचे एक खाते आहे. संग्रहातल्या त्या दोन फाइली, एक्केचाळीस मिनिटांची आणि कराडची, त्या खात्याच्या मालकीच्या आहेत. नव्या सभासदांनी यादीत ते नाव पाहून मला विचारले आहे, की हे कोण आणि यांच्या पुढे सगळीकडे शून्य का? म्हणून हा लेख. त्यांना मर्यादा नाही.